हवालदाराच्या दाढीतलं गाजर

१

हवालदाराच्या दाढीत गाजर सापडलं आणि डॉक्टरीणबाईंच्या हातातली नखं कापायची कात्री खाली पडली.

हवालदार म्हणजे कुत्रा. पाय आखूड, पाठ लांब, तोंडाला पांढरी दाढी आणि आल्या-गेल्या प्रत्येकाची भुंकून चौकशी करायची खोड. दर महिन्याला तो जनावरांच्या दवाखान्यात नखं कापून घ्यायला यायचा आणि असा चेहरा करायचा की जणू त्याला फाशीच द्यायला आणलंय. आज त्याला घेऊन आली होती दुकानातली पॅकिंगवाली मावशी. वजनकाट्यावर ठेवल्यावर स्वारी गेल्या महिन्यापेक्षा चांगलीच जड भरली होती. "अण्णा तर म्हणतात, मोजून खायला देतो," मावशी म्हणाली होती. अण्णा म्हणजे हवालदाराचे मालक. कुत्र्यांचे मालक सगळे असंच म्हणतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते कानाआड केलं होतं.

पण गाजर कानाआड करण्यासारखं नव्हतं. गाजराचा बारीक कीस, त्याला चिकटलेला केकचा चुरा आणि दालचिनीचा वास. असा केक गावात एकच दुकान करायचं, अण्णांचं.

अण्णांच्या दुकानात साखरेचा कण नसे. मधुमेहवाल्यांसाठीच ते दुकान होतं. तिथे केक, बिस्किटं, सगळं झायलिटॉल घालून व्हायचं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून, झाडांच्या लाकडापासून ते बनतं. दिसायला साखर, गोडीला साखर, पण रक्तातली साखर फारशी वाढवत नाही. जिभेवर ठेवलं की थंडगार लागतं, म्हणून दुकानात सगळे त्याला 'गार साखर' म्हणत. माणसाला औषधासारखी उपयोगी पडणारी ही वस्तू कुत्र्याला मात्र विष. चिमूटभर पोटात गेली तरी कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. कुत्रा लटपटतो, आडवा होतो, आणि वेळेत उपाय झाला नाही तर उठत नाही.

हे दुकानातल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नसे. हवालदाराची आई जमिनीवर पडलेलं एक बिस्किट खाऊन गेली होती. मागच्या अंगणात झाडाखाली तिला पुरताना दुकानातली सगळी माणसं रडली होती. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून मागच्या दाराला ठोकली होती : 'कुत्र्याला कणही देऊ नका. प्रेम असेल तर मुळीच नाही.'

"मावशी, ह्याला केक कुणी दिला?"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! कुणी नाही हो! असं कोण करील?"

डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, सलाईन लटकवलं, हवालदाराच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला. साखर बरोबर होती. थोड्या वेळानं पुन्हा घेतला. बरोबर. दुपार सरली, उन्हं कलली. हवालदार एव्हाना आडवा व्हायला हवा होता. तो टेबलावर बसून खडखडणाऱ्या पंख्याची चौकशी करत होता.

विष खाऊन ठणठणीत राहिलेला कुत्रा डॉक्टरीणबाईंनी अख्ख्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. म्हणजे एक तर विज्ञान चुकत होतं, नाहीतर केक.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वहिनी होती, आणि ती हुंदके देत होती.

२

वहिनी म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या थोरल्या भावाची बायको, आणि अण्णांच्या दुकानातली मुख्य आचारीण. ह्या नणंद-भावजयांचं नातं पाहून शेजारीपाजारी बोटं तोंडात घालत. दिवसभर एकमेकींना टोमणे मारायच्या आणि तिसऱ्यानं एकीबद्दल वावगा शब्द काढला की दुसरी पदर खोचून उभी.

"वन्सं, मोठ्या बाईंना दवाखान्यात नेलं हो! साखर पार वर गेली. शुद्ध नव्हती त्यांना. सकाळी माझ्या हातचा गाजराचा केक खाल्ला होता, दोन तुकडे!"

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळले होते आणि उरलेल्या अर्ध्याचे त्यांच्या लेकीनं. आयुष्यभर गोडाला मुकलेली ही बाई अण्णांच्या दुकानावर विसंबून पहिल्यांदा पोटभर केक खायला लागली होती.

डॉक्टरीणबाई धावतच दुकानात पोचल्या. स्वयंपाकघरात गार साखरेचा मोठा पत्र्याचा डबा उघडा होता आणि अण्णा त्याच्याकडे बघत उभे होते. म्हातारा सरळ माणूस, पण रागावला की कुणाचं ऐकून घेत नसे.

"मी चाखून पाहिलं," ते म्हणाले. "डबा गार आहे. माल चोख आहे. तरी केकमध्ये साधी साखर निघाली, दवाखान्यानं तपासून सांगितलं. मग ती आली कुठून? केकला हात लागले ते एकटीचे."

"अण्णा, मी रोज सकाळी वरची चिमूट जिभेवर ठेवते," वहिनी म्हणाली. "गार लागल्याशिवाय चमचा बुडवत नाही. आजही गार होती."

"तेच म्हणतोय मी! डबा गार होता, म्हणजे साखर तुमच्याकडून आली. घाईत घरची पुडी ओतली असेल, अजून काही असेल. बाई शुद्धीवर आल्या म्हणून वाचलो आपण. रविवारी दुपारी सगळ्यांना वर माझ्या घरी बोलावतो. जे काय ते सगळ्यांसमोर होईल, आणि तुमचा हिशेब मिटेल."

ह्या दुकानातल्या प्रत्येक पदार्थाचं माप वहिनीनं बसवलं होतं. केक जमेपर्यंत किती घाणे वाया गेले होते ते तिलाच ठाऊक. नोकरी गेली असती तर तिनं दुसरी शोधली असती, पण जिच्या हातचं खाऊन माणूस दवाखान्यात गेलं तिच्या हातचं पुन्हा कोण खाणार होतं?

डॉक्टरीणबाईंनी हवालदाराच्या दाढीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुत्र्याला काही झालं नाही म्हणजे केकमध्ये साखरच होती. हा पुरावा वहिनीच्या गळ्यातला फास सोडवत नव्हता, उलट आवळत होता.

३

सगळे गेल्यावर दोघीच स्वयंपाकघरात राहिल्या.

"वहिनी, तू चिमूट घेतेस ती नेहमी वरची?"

"मग काय डब्यात डोकं घालून तळाची घेऊ?"

"घ्यायला हवी होतीस." डॉक्टरीणबाईंनी बाही कोपरापर्यंत सारली, लांब दांड्याचा डाव डब्यात थेट तळापर्यंत खुपसला आणि जे वर आलं ते चिमूटभर जिभेवर ठेवलं. गोड होतं. गार अजिबात नव्हतं.

वहिनीनं दोन कढल्या शेगडीवर चढवल्या. एकीत वरची साखर घातली, दुसरीत तळाची. वरची विरघळली, पाण्यासारखी नितळ झाली आणि तशीच राहिली. गार साखरेला कितीही तापवा, साखरेसारखा रंग धरत नाही. तळाची आधी विरघळली, मग कडेनं पिवळी पडली, मग तांबूस झाली आणि घरभर जळक्या साखरेचा खमंग वास सुटला.

"बघ!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणीतरी डबा साध्या साखरेनं भरतंय आणि वर गार साखरेचा थर पसरतंय. तुझी चिमूट वरची असते हे त्याला ठाऊक आहे. आजही गडबडीत, अण्णा चाखायच्या आधी, नवा थर चढवला. महागडी गार साखर परस्पर विकायची, दुसरं काय!"

वहिनीचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच काळवंडला.

"वन्सं, कुणाला सांगू नका. डब्यात रोज हात कुणाचा? माझा. आतापर्यंत मी वेंधळी होते, आता चोर ठरेन. आगीतून फुफाट्यात."

खोटं नव्हतं ते. मागच्या दाराची किल्ली वहिनी, कोठी सांभाळणारे काका, पॅकिंगवाली मावशी आणि गल्ल्यावरचा अण्णांचा भाचा, अशा चौघांकडे होती आणि डब्यापर्यंत चौघांचाही हात पोचत होता. दोघींनी तोंडाला कुलूप घातलं; त्या डब्यातला कणही मात्र वहिनीनं पुन्हा वापरला नाही.

४

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई 'हवालदाराची तब्येत' हे निमित्त घेऊन दुकानात ठाण मांडून बसल्या. केकची गोष्ट मात्र त्यांनी प्रत्येकाला एकेकट्याला विचारली.

पहिले कोठीकाका. पोती उतरवून घ्यायची, फोडायची, कोठीला कुलूप घालायचं, हे त्यांचं काम. तंबाखूनं जीभ मेलेली आणि स्वभाव त्याहून कडू.

"मी त्या कुत्र्याला पाणीही पाजत नाही," ते म्हणाले. "माझ्या दोन चपला खाल्ल्या मेल्यानं. एक खाल्ली असती तर जोड तरी टाकून दिला असता, ह्यानं वेगवेगळ्या जोडांतली एकेक खाल्ली!"

दारातून हवालदार त्यांच्याकडे बघून गुरगुरला. कोठीकाका त्याच्याकडे बघून गुरगुरले.

मग पॅकिंगवाली मावशी. ती हवालदारासाठी घरून उकडलेलं अंडं आणायची. केकचं नाव काढताच तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "ह्याच्या आईला शेवटी मांडीवर घेऊन मीच बसले होते. त्या पाटीसमोरून जाताना आजही माझी मान खाली जाते. बिस्किट माझ्याच हातून पडलं होतं ना!"

शेवटी भाचेबुवा. अण्णांच्या बहिणीचा मुलगा, गल्ल्यावर बसणारा, बोलणं लोण्यासारखं मऊ. दुकानात आलेल्या प्रत्येक आजीला तो 'तुम्ही तर दिवसेंदिवस तरुण दिसता' म्हणायचा आणि आज्या खूश होऊन एक पुडा जास्त घ्यायच्या. तो आला तसा हवालदार चौखूर उधळत त्याच्या पायांत लोळला.

"डॉक्टर, हा माझा जीव की प्राण आहे," भाचेबुवा त्याचं पोट खाजवत म्हणाले. "माझ्या हातून ह्याला काही होईल का? आणि वहिनींचं म्हणाल तर, मामांना मी सांगतोय, चूक सगळ्यांकडून होते, पोलिसात वगैरे जाऊ नका. बिचारी बाई आहे."

'बिचारी' हा शब्द डॉक्टरीणबाईंना झोंबला. त्यांच्या वहिनीला फक्त त्याच नावं ठेवू शकत होत्या.

संध्याकाळी घरी वहिनी म्हणाली, "कोठीकाकाच असणार. त्यांना कुत्रा डोळ्यांसमोर नको. विष म्हणून मुद्दाम केक घातला असेल."

"आणि हवालदारानं त्यांच्या हातून खाल्ला?" डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "कोठीकाकांनी सोन्याचा घास पुढे केला तरी तो त्यांचं बोट खाईल, घास नाही."

"मग स्वतःच उचलला असेल."

"कडा कापून तू कुठे टाकतेस?"

"फळीवरच्या झाकणाच्या डब्यात. पाटी लागल्यापासून तेच करतो आपण."

"आणि ह्याचे पाय बघ." हवालदार डॉक्टरीणबाईंच्या घरी मुक्कामाला होता. त्यानं आखूड पाय पुढे करून जांभई दिली. फळी सोडाच, त्याला पायरीही उचलून पार करवावी लागे.

म्हणजे कुणीतरी हातानं दिला. हवालदाराला आवडणाऱ्या माणसानं. आणि एकदाच नव्हे, वजन वाढलं होतं ते काही हवा खाऊन नव्हतं. पण ज्याचं कुत्र्यावर प्रेम आहे तो त्याला रोज विष कसा घालील?

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

"वहिनी, मी गाढव आहे."

"ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगतेय. आज कसं पटलं?"

"कालपासून मी विचारतेय, इतका निर्दय कोण? विचारायला हवं होतं, इतका निर्धास्त कोण! तू आता भट्टी पेटव. आल्याची बिस्किटं करायची आहेत. दुकानातल्या साच्यात, दुकानातल्यासारखी दिसणारी. पण गार साखर नको, साधीही नको. काही म्हणता काही गोड नको."

"असली बिस्किटं खाणार कोण?"

"कुणी नाही खाल्ली तरी चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

५

रविवारी दुपारी अण्णांच्या बैठकीत सगळे जमले. अण्णा आरामखुर्चीत ताठ बसले होते. कोठीकाका भिंतीला टेकून उभे होते. पॅकिंगवाली मावशी दाराजवळ रुमाल पिळत होती आणि भाचेबुवा सगळ्यांना चहा देत होते. वहिनी मधल्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. डॉक्टरीणबाई शेवटी आल्या, काखेत हवालदार आणि हातात दुकानातली काचेची बरणी.

"ही काय आणलीत?" अण्णांनी विचारलं.

"गल्ल्यावरची आल्याची बिस्किटं, मागच्या आठवड्यातली. चहाबरोबर होतील. त्या दिवशीच्या केकशी ह्यांचा काही संबंध नाही ना? मग खायला काय हरकत?"

"काही नाही. चुकला तो एक केक. बाकी माल चोख आहे माझा."

डॉक्टरीणबाईंनी हवालदाराला खाली सोडलं, बरणी उघडली, आणि झाकण काढता काढता एक बिस्किट निसटून जमिनीवर पडलं. पडलं कसलं, पाडलं. पण ते बघायला कुणाला फुरसत होती?

हवालदार झेपावला.

"अरे, अरे!" अण्णा ओरडले आणि चहा त्यांच्या अंगावर सांडला. मावशीनं किंकाळी फोडली आणि 'ह्याच्या आईसारखं नको रे देवा' म्हणत डोळे झाकले. आणि ज्यांनी कुत्र्याला कधी पाणी पाजलं नव्हतं ते कोठीकाका भिंतीपासून सुटले, गुडघ्यांवर आपटले आणि त्यांनी हवालदाराच्या जबड्यात दोन बोटं घातली. "टाक! टाक म्हणतो ना, टाक मेल्या! मरशील!" हवालदार त्यांचं बोट चावत होता आणि ते सोडत नव्हते.

भाचेबुवा किटली हातात धरून शांत उभे होते. हसून ते म्हणाले, "काका, खाऊ द्या हो त्याला. एवढ्यानं काही होत नाही."

डॉक्टरीणबाईंना हेच वाक्य हवं होतं.

"का होत नाही?"

"अं?"

"का होत नाही, भाचेबुवा? ह्याची आई एका बिस्किटानं गेली. तुम्हीच खड्डा खणला होतात."

"नाही, म्हणजे… त्यात साखर होती ना. गार साखर नव्हती. दवाखान्यानंच सांगितलं."

"दवाखान्यानं केकचं सांगितलं. ही मागच्या आठवड्यातली बिस्किटं आहेत. अण्णांना वाटतं त्यांत गार साखर आहे. कोठीकाकांना तसंच वाटतं, म्हणून बोट रक्तबंबाळ झालं तरी ते सोडत नाहीत. मावशीलाही तेच वाटतं. ह्यांत साखर आहे हे एकट्या तुम्हाला कुणी सांगितलं?"

चहा खुर्चीवरून जमिनीवर टपकत होता. हवालदारानं तेवढ्यात बिस्किट बाहेर थुंकलं आणि फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकाच्या नजरेनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"कोठीकाका, सोडा त्याला. घरी केलेलं बिस्किट आहे, त्यात काहीच गोड नाही. अण्णा, आता ऐका. त्या दिवशी मोठ्या बाईंचा निरोप यायच्या कितीतरी आधी हवालदार माझ्या दवाखान्यात होता आणि त्याच्या दाढीत गाजराचा केक होता. तेव्हा अख्ख्या गावाला वाटत होतं, केकमध्ये गार साखर आहे. वहिनीलाही. केकमध्ये साधी साखर आहे हे तिला माहीत असतं, तर तिनं तो मोठ्या बाईंना दिला असता का? तेव्हा, त्या सकाळी, हवालदाराला जीव लावणारं जे माणूस बिनघोर केक भरवत होतं, त्या एकाला ठाऊक होतं की ह्यात विष नाही. महिनाभर भरवत होतं. पाटीखाली बसून. वजनकाटा सांगतोय, मी नाही."

"मामा, ह्या काहीही बोलतायत!" भाचेबुवांच्या आवाजातलं लोणी वितळलं होतं. "डबा तुम्ही स्वतः चाखलात. गार होता!"

"वरून," वहिनी म्हणाली. आल्यापासून तिनं काढलेला हा पहिला शब्द. ती उठली. "अण्णा, खाली चला. तळातून एक डाव काढा, स्वतःच्या हातानं काढा, आणि कढलीत टाका."

अण्णांनी काढला. साखर विरघळली, पिवळी पडली, तांबूस झाली. जळक्या वासानं स्वयंपाकघर भरलं. अण्णांनी त्या कढलीकडे पाहिलं, आणि मग भाच्याकडे.

भाच्यानं मान खाली घातली. "पलीकडच्या गावातल्या चॉकलेटवाल्याला विकत होतो," तो पुटपुटला. "मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना काय कळतंय… मोठ्या बाई दोन तुकडे खातील असं वाटलं नव्हतं, मामा."

"कुत्र्याची काळजी घेतलीस," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली कुणी ऐकला नव्हता. "माणसांची नाही घेतलीस. किल्ली ठेव. उद्या सकाळी मी स्वतः तुला घेऊन पोलिसात जाणार आहे, आणि त्याआधी मोठ्या बाईंच्या पायांशी."

मग ते वहिनीकडे वळले. सगळ्यांसमोर बोलावलं होतं, तर सगळ्यांसमोरच त्यांनी हात जोडले. "चुकलो. माझी अक्कल शेण खायला गेली होती. ही कोठीची किल्ली आजपासून तुमच्याकडे."

वहिनीनं किल्ली घेतली. "घेते. पण एक अट. चिमूट आता तळाची घेणार, आणि डबा धुऊन देणार तुम्ही."

म्हाताऱ्यानं लगेच बाह्या सारल्या. कोठीकाकांचं बोट बांधता बांधता डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, आणि मावशी तर हसत होती की रडत होती ते तिलाच कळत नव्हतं.

६

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई काठी टेकत स्वतः दुकानात आल्या. दुकान माणसांनी खचाखच भरलं होतं. काहीजण केक घ्यायला आले होते, बाकीचे बाई आता काय बोलतात ते ऐकायला. वहिनीनं गाजराचा केक समोर ठेवला.

बाईंनी तुकडा उचलला, चष्म्यावरून वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "चिमूट कुठली घेतलीस?"

"तळाची, बाई."

"शाब्बास." त्यांनी घास घेतला, सावकाश चावला, आणि ताटली पुढे सरकवली. "दुसरा वाढ. आणि त्या गर्दीला सांग, माझ्या मागे रांगेत उभे राहा. शाळेत शिकवलं होतं."

अर्ध्या गावानं निमूट रांग धरली. टाळ्या पहिल्यांदा कुणी वाजवल्या ते समजलं नाही, पण कोठीकाका पट्टी बांधलेल्या बोटानं सगळ्यांत जोरात वाजवत होते. वहिनीनं गर्दीतून डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "वन्सं, तुम्ही गाढव नाही," ती म्हणाली. "हे एकदाच म्हणतेय, जपून ठेवा."

मागच्या दारात, पाटीखाली, हवालदार आशाळभूतपणे बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे त्यानं दाढी वर करून पाहिलं. मावशीनं त्याचं डोकं थोपटलं, अण्णांनी पाठ थोपटली, कोठीकाकांनी तर आपल्या उरलेल्या चपलांतली एक काढून त्याच्यापुढे ठेवली. केकचा कण मात्र त्याला कुणीही दिला नाही.